कलम नऊ आणि चार ज्येष्ठ

सरकारी समितीचे मिनिट्स लिहिणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात, त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काही नसतं. सभेत बोलल्या गेलेल्या दहा वाक्यांपैकी एक कागदावर जातं. उरलेली नऊ कुठेतरी जाऊन पडणारच. ती माझ्याकडे पडली. अध्यक्ष म्हणायचे, "गौरी, हे घ्यायचं नाही," आणि मी मान डोलावून ते वहीच्या मागच्या पानावर घ्यायची. समितीचा अहवाल कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. मागची पानं मात्र मी मित्रमंडळींत बऱ्याचदा वाचून दाखवली आहेत.

समिती होती एन्क्रिप्शनच्या धोरणाची. शतक बदलत होतं, डब्लिनमध्ये जो उठतो तो सॉफ्टवेअर कंपनी काढत होता, आणि सरकारला काळजी पडली होती की लोक एकमेकांना कुलूपबंद फायली पाठवायला लागले तर पोलिसांनी त्या वाचायच्या कशा. एका खात्याने उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. त्याचं नाव कलम नऊ. जी कंपनी असं कुलूप बनवेल, तिने प्रत्येक किल्लीची एक प्रत सरकारकडे जमा करायची. कलम बरोबर आहे की नाही हे ठरवायला चार ज्येष्ठ नेमले होते. चौघांचं वय एकत्र केलं तर आपण थेट पेशवाईत पोचतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. पुण्याहून कॉम्प्युटर सायन्स करून आले होते आणि कॉनर नावाच्या माणसाच्या आठ जणांच्या कंपनीत काम करत होते. आम्ही हॉस्पिटलांच्या फायली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर बनवायचो. खात्याच्या टायपिस्टला समितीतले शब्द लिहिता येईनात, म्हणून कॉनरने मला मिनिट्स लिहायला उसनी दिली. ज्या कंपनीचं नशीब या कलमावर अवलंबून, तिचीच मुलगी मिनिट्स लिहिते, हे कोणाला खटकलं नाही. आयर्लंडमध्ये हितसंबंध नसलेला माणूस हवा असेल तर बोटीने जाऊन आणावा लागतो. अट एकच होती : मी सभेत बोलायचं नाही.

आता माझा स्वतःचा हितसंबंधही सांगून टाकते. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की किल्लीची प्रत तिसऱ्या कोणाकडेही राहणार असेल तर आम्हाला तुमचा माल नको. कलम आलं तर कॉनर डब्लिनचं ऑफिस बंद करणार होता. माझं वर्क परमिट कंपनीच्या नावावर होतं आणि दोन महिन्यांत संपत होतं. म्हणजे कलम आलं की मी गेले.

"तू काळजी करू नकोस, यू'ल बी ग्रँड," कॉनर म्हणाला.

"परमिट तुझ्या कंपनीच्या नावावर आहे, कॉनर."

"ओह," तो म्हणाला. थोडा विचार केला. "मग नाही."

*

पहिल्या दोन सभा उपमांवर गेल्या.

अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. आपण त्यांना जज्जसाहेब म्हणू. त्यांना एन्क्रिप्शन समजावून द्यायचं होतं. खात्याचे अधिकारी मिस्टर ब्रेनन, ज्यांनी कलम नऊ लिहिलं होतं, ते म्हणाले, हे म्हणजे तिजोरीसारखं आहे. समितीत एक निवृत्त पोलीस सुपरिंटेंडंट होते, ज्यांना सगळे 'सुपर' म्हणायचे. ते म्हणाले, तिजोरी नव्हे, हे बंद पाकिटासारखं आहे. जज्जसाहेबांनी विचारलं, पाकीट वाफेवर उघडतं, मग हे वाफेवर का उघडत नाही? पुढचा पाऊण तास वाफेवर गेला.

तिसऱ्या सदस्य गणिताच्या प्राध्यापिका होत्या, साठीच्या, नेहमी एकाच हिरव्या कार्डिगनमध्ये. त्या म्हणाल्या, "हे कशासारखंही नाही. हा एक मोठा आकडा आहे."

"किती मोठा?" जज्जसाहेबांनी विचारलं.

प्रोफेसरबाईंनी सांगितलं.

"पण तो कशासारखा मोठा?"

दुसऱ्या सभेच्या शेवटी जज्जसाहेब वैतागले. त्यांनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं की यापुढे या समितीत कोणीही उपमा द्यायची नाही, कारण उपमा म्हणजे धुक्यात लांबचा दिवा लावून गाडी चालवणं.

प्रोफेसरबाईंनी हात वर केला. "अध्यक्ष महाराज, ही उपमा झाली."

"नाही," जज्जसाहेब म्हणाले, "हा निर्णय झाला."

*

सुपर कलमाच्या बाजूने होते. त्यांचं एकच वाक्य होतं आणि ते प्रत्येक सभेत यायचं : प्रामाणिक माणसाकडे लपवण्यासारखं काही नसतं. मी ते इतक्या वेळा लिहिलं की शेवटी नुसतं 'सुपर : नेहमीचं' असं लिहायला लागले.

सभेत अकरा वाजता चहा यायचा आणि चहाबरोबर ॲपल टार्ट. सुपरना डायबिटीस होता. डब्लिनमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांची बायको सगळ्यांना सांगायची. चौथ्या सभेत त्यांनी टार्टचा तिसरा तुकडा घेतला, आणि मग माझ्या वहीकडे बघून खुर्ची जवळ ओढली.

"हे बघ मुली, ते टार्टचं मिनिट्समध्ये नको."

"आम्ही खाणं लिहीत नाही, सर."

"माझी बायको मिनिट्स वाचते. आणि ती तुला फोनसुद्धा करेल. गोड बोलेल."

मला राहवलं नाही. मला सभेत बोलायची मनाई होती, चहाच्या वेळेत नव्हती. "सर, प्रामाणिक माणसाकडे लपवण्यासारखं काही नसतं ना?"

सुपरनी काट्याने टार्टचा उरलेला तुकडा मधोमध कापला. "तिने सरळ विचारलं तर सांगू नकोस."

"आणि कोर्टाची ऑर्डर आणली तर?"

"तर सांग," ते म्हणाले. "पण आधी ऑर्डर नीट वाच."

हे ऐकून प्रोफेसरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते वाक्य मिनिट्समध्ये घालावं. मी घातलं. जज्जसाहेबांनी काढलं.

*

प्रोफेसरबाई कलमाच्या विरुद्ध होत्या, म्हणजे माझ्या बाजूच्या. यामुळे त्या मला कमी त्रासदायक वाटायला हव्या होत्या. तसं झालं नाही.

आम्ही दोघी एकाच बसने घरी जायचो. त्यांना वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसायला आवडायचं, आणि बसल्याबरोबर त्या पर्समधून समितीचा मसुदा काढायच्या. त्याच्या प्रत्येक पानावर लाल शाईत 'गोपनीय' लिहिलेलं असायचं. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या जे वाचायच्या ते बसच्या खालच्या दारापर्यंत पोचायचं.

"मॅडम, हळू," मी म्हणायची.

"हळू कशाला? आपल्याला कोण ओळखतंय इथे?"

खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं दहा वाजता सभेत सांगणारी बाई पाच वाजता बसमध्ये सरकारचं गुपित सगळ्यांना ऐकवत होती. पुण्यातले माझे सर असेच होते. फळ्यावर 'शांतता राखा' लिहायचे आणि आम्हाला ते ओरडून वाचून दाखवायचे.

एकदा अर्ध्या वाटेवर मागच्या सीटवरचा माणूस पुढे वाकला. ओल्या जॅकेटचा, मांडीवर दोन पायऱ्यांची छोटी शिडी घेतलेला.

"एक्स्क्यूज मी, मिसेस. तुमच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की बँकांना सूट आहे, आणि सातव्यात म्हटलंय की कोणालाच सूट नाही. मंगळवारपासून ऐकतोय मी. ते अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही."

प्रोफेसरबाईंनी पानं उलटली. तिसरं पाहिलं. सातवं पाहिलं. तो बरोबर होता. चार ज्येष्ठ, एक अधिकारी आणि मी, कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

तो पुढच्या स्टॉपला शिडीसकट उतरला. बाईंनी पेन्सिलीने दोन्ही कलमांवर खूण केली आणि मला म्हणाल्या, "मिनिट्समध्ये लिही : जनतेच्या सूचना मागवण्यात आल्या."

*

चौथे सदस्य आपले होते.

डॉ. सबनीस. मूळचे ठाण्याचे, आयर्लंडमध्ये वीसेक वर्षं, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचे प्रमुख. डब्लिनमधली मोजकी मराठी घरं त्यांना सबनीसकाका म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. पहिल्या सभेत त्यांना पाहून मला वाटलं, चला, आपला एक माणूस आहे. हा माझा गैरसमज तीन आठवड्यांत गेला. काकांना कुठल्याही विषयावर विचारलं की ते चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखं आहे."

आणि गंमत अशी की सगळं त्यांच्यावर येऊन ठेपलं होतं. सुपर कलमाच्या बाजूने, प्रोफेसरबाई विरुद्ध, आणि जज्जसाहेबांनी जाहीर करून टाकलं होतं की ते बहुमताबरोबर जातील. उरले सबनीसकाका. माझं परमिट त्या पुसल्या जाणाऱ्या चष्म्यावर लटकलं होतं.

लोकांचं म्हणणं ऐकायला समितीने एक जाहीर सभा लेटरकेनीला ठेवली. लेटरकेनी म्हणजे देशाचं उत्तर-पश्चिम टोक, गाडीशिवाय जायची सोय नाही. काकांनी मला आपल्या गाडीतून न्यायचं ठरलं. डब्लिनहून सरळ रस्ता उत्तर आयर्लंडमधून जातो, म्हणजे मधला तासभर तुम्ही ब्रिटनमध्ये असता. सगळे त्याच रस्त्याने जातात. चौक्या उठून गेल्या होत्या, कोणी थांबवत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं.

शहराबाहेर पडल्यावर काकांनी गाडी पश्चिमेला वळवली.

"काका, रस्ता चुकला."

"तुझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा आहे?"

"नाही. पण तिथे कोणी बघत नाही."

"माझ्याकडे आयरिश पासपोर्ट आहे, तुझ्याकडे भारतीय. आपण स्लायगोवरून जाऊ."

"ते दोन तास जास्त आहेत!"

"अडीच," काका म्हणाले. "मधे एक ट्रॅक्टर नक्की मिळतो."

दोन ट्रॅक्टर मिळाले. दुसऱ्याच्या मागे आम्ही ज्या वेगाने जात होतो त्या वेगाला मला गवताचं एकेक पातं ओळखीचं झालं. मी मनात म्हटलं, याच पिढीने आम्हाला सांगितलं की धाडस कर, जग बघ. आणि यांना मोकळ्या रस्त्यावर एक रेघ ओलांडवत नाही, तीही पुसलेली.

स्लायगोला हॉस्पिटलच्या बाहेर गाडी लावून आम्ही काकूंनी दिलेलं थालीपीठ खाल्लं, काच खाली करून, कारण लसणाच्या चटणीचा वास सीटमध्ये बसला की काकू ओरडतात असं काका म्हणाले. चटणीही काकूंनीच दिली होती. तिथे मी ठरवून विषय काढला.

"काका, कलमाबद्दल तुमचं मत काय आहे?"

"अजून कच्चं आहे."

"ते आलं तर आमचं ऑफिस बंद होईल. माझं परमिट—"

"हे मला सांगू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"तुझं काम जातंय म्हणून मी 'नाही' म्हटलं तर ते चूक होईल. आणि हे कळूनसुद्धा 'हो' म्हटलं तर काकू मला जेवायला वाढायची नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आता कळलंच आहे, तर विसरायचा प्रयत्न करतो."

"काका, पण तुम्हाला हे बरोबर वाटतं की चूक, एवढंच सांगा ना."

"अगं, चूक काय आहे ते कळल्याशिवाय चूक म्हणता येत नाही. सीटबेल्ट लाव."

पुढच्या बंडोरन गावापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं असावं असं वाटत नाही. ते रेडिओवर गुरांच्या बाजाराच्या बातम्या ऐकत होते, आणि माझ्या शांततेपेक्षा त्यांना त्यात जास्त रस होता.

*

लेटरकेनीची सभा एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये होती. तिथे आदल्या दिवशी लग्न झालं होतं, म्हणून समितीच्या मागे फुग्यांची कमान तशीच होती. बाकीचे सदस्य दुपारीच पोचून जेवून-बिवून ताजेतवाने बसले होते.

लोक आले होते, पण बहुतेकांना वाटलं होतं की ही नव्या रस्त्याबद्दलची सभा आहे. ते समजल्यावर निम्मे उठून गेले. उरलेल्यांत पहिल्या रांगेत एक आजीबाई होत्या, पायात गमबूट, हातात पर्स. सुपरना वाटलं, ही आपल्या बाजूची. साधी, जुन्या वळणाची बाई. त्यांनी उपमाबंदी विसरून तिलाच विचारलं, "मॅडम, तुमच्या घराची किल्ली कुठे असते?"

"दारात," आजीबाई म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग शेजारच्याने सांगितलं. खेड्यात किल्ली बाहेरून कुलपातच ठेवतात. आयुष्यभर. ज्याला यायचं त्याने फिरवावी आणि यावं.

सुपर खुश झाले. "म्हणजे पाहा. शेजारी येऊ शकतो, फादर येऊ शकतात, पोलीसही येऊ शकतो. हो ना?"

"येतोच. चहा घेतो."

"मग समजा सरकारने म्हटलं, या किल्लीची एक प्रत पोलीस ठाण्यात ठेवा, तर तुमची काही हरकत?"

आजीबाईंनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "कशाला? ती दारातच आहे की."

"फक्त नियम म्हणून."

"नियम म्हणून?"

"हो."

"मग मी कुलूप बदलेन," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. दोन-तीन डोकी हलली, म्हणजे यात विशेष काय, अशी. जज्जसाहेब माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं की हे बाजूने धरायचं की विरुद्ध. मी खांदे उडवले. त्यांनी सबनीसकाकांकडे पाहिलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला. "बाईंचं म्हणणं," ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखं आहे."

त्या क्षणी मला वाटलं की परतीचा प्रवास आपण त्या ट्रॅक्टरवर बसून केला तरी चालेल.

*

ब्रेनन वाईट माणूस नव्हते. ते मेहनती होते, आणि मेहनती माणसाने एकदा कलम लिहिलं की त्याला ते कुठेतरी ठेवावं लागतं. त्यांनी समितीला जागा दाखवायला नेलं, जिथे देशातल्या सगळ्या किल्ल्यांच्या प्रती राहणार होत्या.

खात्याच्या इमारतीच्या तळघरात लोखंडी दार होतं. दारावर आकडे दाबून कुलूप उघडायची पाटी. ब्रेनन म्हणाले, इथला कोड दर महिन्याला बदलतो, त्यात कधीही कसूर होत नाही.

कसूर होत नव्हती हे खरंच दिसत होतं. पाटीच्या वर एक कागद चिकटवला होता. त्यावर जानेवारीचा कोड लिहून खोडला होता, फेब्रुवारीचा खोडला होता, मार्चचा खोडला होता, आणि चालू महिन्याचा नीट, मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहिला होता.

प्रोफेसरबाईंनी तो आकडा ओठांतल्या ओठांत वाचला आणि म्हणाल्या की ही मूळ संख्या आहे, निवड चांगली आहे. सुपर म्हणाले, दारावरचा पोर्टर बिचारा विसरभोळा असेल. ब्रेनन कानापर्यंत लाल झाले.

सबनीसकाका पुढे झाले आणि कागद अगदी जवळून पाहिला. मला वाटलं, आता तरी.

"टेप छान लावली आहे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलं. "काका, तुम्ही एवढंच बोललात?"

"तो माणूस आधीच लाजला होता, गौरी. त्याला आणखी काय लाजवायचं?"

"माझं परमिट जातंय, आणि तुम्ही त्याची लाज सांभाळताय."

"परमिटचं मी विसरलो आहे," काका म्हणाले. "तू परत आठवण करून देऊ नकोस."

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. कार्डावर अकरा मिनिटं उरली होती. आई म्हणाली, आलीस तर आलीस, तुझी खोली तशीच आहे, फक्त त्यात बाबांची सायकल ठेवली आहे. मी म्हटलं, सायकल काढू नका अजून. मग बाकीची दहा मिनिटं मी सबनीसकाकांबद्दल बोलले.

*

शेवटच्या सभेला पाऊस होता आणि सगळे वेळेवर आले होते. यात पाऊस नवीन नव्हता.

कलम नऊवर एकेकाने मत सांगायचं होतं. सुपर म्हणाले, हो, आणि त्यांचं वाक्य म्हणाले. प्रोफेसरबाई म्हणाल्या, नाही, आणि त्यांचा आकडा म्हणाल्या. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर सबनीस?"

काकांनी चष्मा काढला नाही. बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. सरळ रेघांचा, छापील, त्यांच्या कारखान्यातला फॉर्म.

"आमच्याकडे ब्लेडचा एक खोका जरी एका हातातून दुसऱ्या हातात गेला," ते म्हणाले, "तरी घेणारा यावर नाव लिहितो. खात्याचं नाही, स्वतःचं. कारण खोका हरवला तर खात्याला विचारता येत नाही. खात्याला तोंड नसतं. मला कलमाबद्दल काही म्हणायचं नाही. मी फक्त हा फॉर्म भरून आणला आहे. काय दिलं : किल्लीची एक प्रत. कोणाची : समजा, एका हॉस्पिटलची. तिची आणखी प्रत निघाली, ती हरवली, किंवा दुसऱ्या कोणी वापरली, तर उत्तर मी, घेणारा, देईन. इथपर्यंत मी लिहिलं आहे. खाली घेणाऱ्याचं नाव तेवढं कोरं आहे. ते भरलं की माझं मत 'हो'."

एवढं सलग बोलताना त्यांना मी पहिल्यांदा ऐकलं.

"खातं घेईल," ब्रेनन म्हणाले.

"नाव?"

"मंत्रीमहोदय."

"ते निवडणुकीनंतर बदलतील. किल्ली तिथेच राहील."

ब्रेनननी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग तो हळूच सुपरकडे सरकवला. सुपर म्हणाले की आनंदाने, पण मी निवृत्त आहे, आणि फॉर्म जज्जसाहेबांकडे गेला. जज्जसाहेबांनी तो न्यायाधीश वाचतात तसा वाचला, बोट ओळीखाली फिरवत, शेवटच्या शब्दापाशी थांबले, आणि म्हणाले की अध्यक्षाने तटस्थ राहणं योग्य. प्रोफेसरबाईंनी हातच लावला नाही. ज्या कामाला मी विरोध करते त्याच्यासाठी नाव कशी देऊ, असं त्यांनी विचारलं, आणि ते रास्त होतं. टेबल गोल होतं. फॉर्म फिरत फिरत तिथे आला, जिथे मी वही घेऊन बसले होते.

ब्रेनन एकदम मोकळे झाले. "गौरी लिहील की. औपचारिकता म्हणून. ती रेकॉर्ड ठेवतेच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुपर मान डोलावत होते. मी कबूल करते, माझ्या हातात पेन होतं आणि ते कागदाकडे निघालं होतं. चार म्हातारे आणि एक अधिकारी एकदम तुमच्याकडे बघायला लागले की हात आपोआप चालतो. आम्हाला शाळेत तसंच शिकवलं आहे.

"गौरी," सबनीसकाका मराठीत म्हणाले, "पेन खाली ठेव."

आवाज चढला नव्हता. मी पेन खाली ठेवलं.

जज्जसाहेबांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगितलं.

"हे मिनिट्समध्ये घे," ते म्हणाले.

"कसं घेऊ, सर? पेन खाली ठेवायला सांगितलंय."

जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग खिडकीबाहेरच्या पावसाकडे. मग विचारलं की चहा आला आहे का. चहाला अजून पंचवीस मिनिटं होती. तरी सगळे उठले.

पुढच्या आठवड्यात खात्याकडून अंतिम मसुदा माझ्याकडे टाइप करायला आला. कलम आठ होतं. त्याच्याखाली कलम दहा होतं. मी ब्रेनन यांना फोन करून विचारलं की पुढचे नंबर बदलू का.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तसंच."